मदत हवी आहे : पोरीला सिस्टर व्हायचंय, दाखले झारखंडात

नमस्कार मंडळी. भद्रावती तालुक्यातून लिहितोय. आमच्या शेजारी झारखंडातल्या सिमडेग्याहून खाणीच्या ठेकेदाराकडे कामाला आलेलं उरांव आदिवासी कुटुंब राहतं. त्यांची मोठी पोरगी बारावी झाली, मराठी फाडफाड बोलते. तिला कॅथलिक सिस्टर, म्हणजे नन व्हायचंय. बाप म्हणतो, आधी लग्नाचं पाहू. मी त्यात पडत नाही, फक्त कागदांचं पाहतो म्हणालो.

नॉव्हिशिएटला (सिस्टर होण्याआधीच्या प्रशिक्षणाला) घेताना बाप्तिस्मा आणि दृढीकरण (त्यानंतरचा चर्चचा संस्कार) यांचे दाखले लागतात, वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. वयाचं ठीक आहे. दाखले मात्र गावच्या चर्चच्या रजिस्टरात. इकडच्या फादरांच्या पत्रावर ते टपालाने येतात का, की बापाला मजुरी बुडवून जावंच लागेल?

खरा गुंता वेगळाच. चंद्रपूर धर्मप्रांत सीरो-मलबार (केरळची), पोरगी लॅटिन (रोमन); दोन्ही कॅथलिकच, पण शाखा वेगळ्या. लॅटिन मुलीला सीरो-मलबार सिस्टरांच्या संघात जायचं तर सहसा रोमची परवानगी लागते म्हणे. मग सरळ नागपूरकडच्या लॅटिन संघाकडेच विचारावं का? कोणाच्या घरात सिस्टर असेल तर अनुभव सांगा.

आणि हो, नॉव्हिशिएटच्या काळात घरच्यांना भेटू देतात का? हे तिच्या मायनं विचारायला लावलंय.