शनिवारचा सिनेमा (सोसायटीचा ग्रुप, वानवडी)

*ए ५०२:* नमस्कार. शनिवारी गच्चीवर 'आयला' दाखवला, त्याबद्दल सांस्कृतिक समितीला विचारायचं आहे. 'बच्चेकंपनीसाठी सिनेमा, सोबत भेळ' एवढाच मेसेज होता. कोरियाचं युद्ध आहे, प्रेतांमध्ये बसलेली पाच वर्षांची पोर दाखवली आहे, हे कोणीच सांगितलं नाही. माझा मुलगा तेव्हापासून धड झोपलेला नाही.

*सचिव:* नमस्कार ताई, दखल घेतली आहे. समिती उत्तर देईल.

*सी १०१:* प्रोजेक्टरचं भाडं मेंटेनन्समधून गेलं का, तेवढं कळवा.

*बी ३०४:* काल हिंजवडीहून घरी यायला जे युद्ध केलं त्यावर पण काढा सिनेमा 😂

*ए ५०२:* दादा, मी गंमत करत नाहीये.

*डी २०२ (सुभेदार काका):* ताई, सिनेमा मी सुचवला. गोष्ट खरी घडलेली आहे. सुलेमान नावाचा तुर्की सार्जंट १९५० साली कोरियात लढायला गेला. आईबाप गेलेली ही मुलगी त्याला सापडली. ती बोलेना, नाव कळेना. तुर्कीत चंद्राला 'आय' म्हणतात, चंद्रासारखा गोल चेहरा म्हणून आयला म्हणायला लागले. पंधरा महिने छावणीत सांभाळली तिला. मुलांनी बघावा असाच सिनेमा आहे. पण मोठ्यांनी सोबत बसावं, हे मी समितीला लिहून दिलं होतं.

*ए १०३ (सां. समिती):* काका, तुमचा मेसेज फार मोठा होता. मी थोडक्यात टाकला.

*डी २०२:* 'मोठ्यांनी सोबत बसावं.' एवढी एकच ओळ होती. भेळेची ओळ बरी राहिली.

*ए १०३:* पुढच्या वेळी तुम्हीच टाका. खुर्च्याही तुम्हीच लावा.

*बी ३०४:* नाव ऐकूनच अर्धी गच्ची खिदळत होती काका 😀

*डी २०२:* हसू दे. शेवटी किती जण हसत होते तेही सांग ना.

*सी १०१:* प्रोजेक्टरचं भाडं मेंटेनन्समधून गेलं का?

*सचिव:* गुरुवारी पाणी येणार नाही. टाक्या भरून ठेवाव्यात.

*ई ४०३:* मी बघितला. रडले. पण एक पटलं नाही. एवढी माया लावली तर शेवटी पोरीला टाकून आपल्या देशात आलाच ना? काही म्हणा, रक्ताचं ते रक्ताचं.

*बी ७०१:* _हा मेसेज डिलीट केला आहे_

*बी ७०१:* काकू, रागात लिहिलेलं काढून टाकलं, आता नीट लिहिते. आमची लेक आम्हाला संस्थेतून मिळाली हे या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. तिच्या बारशाला तुम्हीच पाळणा म्हटला होतात. मग हे वाक्य इथे कशाला?

*ई ४०३:* अगं, तुझ्याबद्दल नाही म्हटलं. सिनेमाबद्दल म्हटलं.

*बी ७०१:* सिनेमाबद्दलच बोलू. पलटण परत निघाल्यावर तो तिला पेटीत घालून बोटीवर न्यायला निघतो आणि पकडला जातो. टाकून जाणारा माणूस असं करेल का? आणि तिला रस्त्यावर नाही सोडलं. कोरियातच सुवोनला तुर्की सैनिकांनीच अनाथ मुलांसाठी अंकारा स्कूल चालवलं होतं, तिथे ठेवलं.

पण त्याला अडवलं ते बरोबरच झालं असं मला वाटतं. बोलायला जड जातंय. लढाईत हरवलेल्या मुलाचा मामा, आत्या कुठेतरी जिवंत असू शकते. ज्याला माया वाटेल त्याने उचलून न्यायचं म्हटलं तर त्या मुलाचं माणूस त्याला कुठे शोधणार? आज आपल्याकडे मूल सापडलं तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आधी घरच्यांचा शोध. कोणी नाहीच मिळालं, तर मग 'कारा'कडे, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदवलेल्या आईबापांचा नंबर. वाट बघताना आमचा जीव जायचा, त्या कागदांचा संताप यायचा. आता लेक विचारते, 'मला नक्की कोणी नव्हतं ना शोधत?' तेव्हा त्याच कागदांमुळे मी तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देऊ शकते. सुलेमानकडे तिला द्यायला असं उत्तर नसतं.

*ई ४०३:* बरं बाई. माझं चुकलं म्हण.

*बी ७०१:* 'म्हण' नको काकू.

*बी ३०४:* वातावरण तंग 🙈 काका, आपले सैनिक होते का हो तिथे?

*डी २०२:* आपण लढायला नाही, उपचार करायला गेलो. ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही आपली वैद्यकीय तुकडी, ले. कर्नल ए. जी. रंगराज त्यांचे प्रमुख. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला उडी घेतली आणि जखमींवर जागच्या जागी उपचार केले. रंगराजना महावीर चक्र मिळालं. मी स्वतः मेडिकल कोअरचा, म्हणून अभिमानाने सांगतो. रोज एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या, भिंतीला लागून वॉकला जाता, हे पण माहीत असू द्या. पुढे १९५३ ला लढाई थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणारे युद्धकैदी सांभाळायला भारतीय दल गेलं, त्याचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

*सी १०१:* माहिती छान. प्रोजेक्टरचं भाडं?

*सचिव:* प्रोजेक्टर सुभेदार काकांच्या जावयांचा होता. भाडं शून्य.

*सी १०१:* मग आधीच सांगायचं ना.

*ए ५०२:* मूळ विषयावर येऊ का? माझा मुलगा प्रेतांना घाबरलेला नाहीये. विचारतो, 'आई, पेटीत तिला श्वास कसा येत होता?' आणि त्याचे बाबा जर्मनीत आहेत हे तुम्हाला माहीत आहे. रोज व्हिडिओ कॉलवर विचारतो, 'बाबा, तू येशील तेव्हा मला ओळखशील ना?' ते तिकडे हसतात आणि कॉल ठेवला की मला मेसेज करतात की तिकीट आधीचं बघतो. यावर मी काय बोलू ते सांगा.

*डी २०२:* ताई, पेटीचा प्रसंग झाला तेव्हा तुम्ही त्याला घेऊन खाली गेलात का?

*ए ५०२:* हो. हुंदके द्यायला लागला, म्हणून नेलं.

*डी २०२:* म्हणजे पुढचं त्याला माहीतच नाही. ती दोघं भेटली ताई. २०१० मध्ये, साठ वर्षांनी. तो म्हातारा झालेला, ती साठीच्या पुढची, आणि तरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. सिनेमा आला त्याच वर्षी, २०१७ च्या डिसेंबरात, सुलेमान गेले. पोराच्या डोक्यात गोष्ट पेटीपाशीच अडकली आहे.

*बी ७०१:* माझी लेकही त्याच वेळी माझ्या कुशीत तोंड घालून बसली होती. तिनेही शेवट नीट बघितला नाही.

*डी २०२:* आज संध्याकाळी पाचला दोघांना माझ्याकडे पाठवा. शेवटचा भाग टीव्हीवर लावतो. मध्येच थांबवून जे विचारतील ते सांगेन, पेटीचंही. लष्करात असताना माझीही मुलं मला ओळखायची नाहीत पहिले दोन-तीन तास, तेही सांगेन. मग चिकटायची ती सोडायची नाहीत.

*ए १०३:* काका, मेसेज मी टाकू का? पूर्ण टाकते.

*डी २०२:* टाका. मोठ्यांनी सोबत बसावं.

*ए ५०२:* मी येते त्याच्याबरोबर. शेवट मीही बघितलेला नाही.