गरोदरपणात परफ्यूम, डिओ, अत्तर : 'थोडं चालतं' म्हणजे नक्की किती?

सायली_क
वहिनीला दहावा आठवडा चालू आहे. तिच्याकडे तीन वस्तू आहेत, लेबलवर जे आहे ते तसंच लिहिते.

१. ओ द परफ्यूम, ५० मिली, पाच-सहा वर्षांपूर्वीची बाटली. घटक : अल्कोहोल डिनॅट., परफ्यूम, अ‍ॅक्वा, लिमोनीन, लिनालूल, ब्युटिलफेनाइल मिथाइलप्रोपिओनल, डायइथाइल थॅलेट.
२. एरोसोल डिओ, १५० मिली. 'डीईपी घालून विकृत केलेलं इथाइल अल्कोहोल', फ्रॅग्रन्स, ब्युटेन, प्रोपेन.
३. अत्तराची ६ मिलीची कुपी. वर फक्त 'अल्कोहोल फ्री, नॅचरल'.

घरचा निकाल असा लागलाय की परफ्यूममध्ये दारू असते म्हणून ते बंद आणि अत्तर चालेल. डॉक्टर म्हणाल्या थोडं चालतं. थोडं म्हणजे किती? शिवाय सातव्या महिन्यात डोहाळजेवण आहे, तिथे अत्तरगुलाब होणारच.

केमिकल_लोचा
आधी दारूचा हिशोब संपवू. बाटलीचा एक फवारा म्हणजे फार तर ०.१ मिली. तीन फवारे ०.३ मिली, त्यात अल्कोहोल जवळपास ८० टक्के धरलं तर ०.२४ मिली, वजनात ०.२ ग्रॅमच्या आत. ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे पेगचा पन्नासावा हिस्सा, आणि त्यातलाही बहुतेक मिनिटाभरात उडून जातो. दारू हे परफ्यूम बंद करायचं कारण होत नाही.

बघायचं ते त्या अल्कोहोलमध्ये काय विरघळलंय ते. लेबलवरचा 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा एक शब्द म्हणजे पिशवी आहे, आत दहा घटक असतील नाहीतर शंभर. कंपनीला ते वेगवेगळे सांगावे लागत नाहीत. युरोपात २६ ॲलर्जीकारक गंधद्रव्यांची नावं लिहिणं सक्तीचं झालं (अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर असतील तर), म्हणून तुमच्या बाटलीवर लिमोनीन, लिनालूल दिसतंय. आता ती यादी आणखी लांबली आहे.

तुमच्या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव ब्युटिलफेनाइल मिथाइलप्रोपिओनल. व्यापारी नाव लिलिअल. प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात तो गेल्यामुळे १ मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. आजवर जे मारलं त्याची धास्ती घेऊ नका, मात्रा बारीक असते. पण पर्याय शेकड्यांनी असताना ही बाटली आता वापरायचं कारण नाही. जुना साठा आणि 'परदेशातून आणलेलं' म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या बाटल्या या एका नावासाठी तपासाव्यात.

डायइथाइल थॅलेट म्हणजे डीईपी. गंध धरून ठेवायला आणि अल्कोहोल पिण्यालायक राहू नये म्हणून घालतात. थॅलेट हे रसायनांचं एक कुटुंब आहे, पण सगळी एका माळेचे मणी नव्हेत. त्यातल्या डीबीपी आणि डीईएचपी यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर गर्भाच्या संप्रेरकांत अडथळा आणला. युरोपात ती सौंदर्यप्रसाधनांत बंद आहेत. डीईपीने तसं केलेलं दिसलं नाही. माणसांतलं चित्र थोडं गढूळ आहे. संशोधक शॅना स्वान यांच्या २००५ च्या अभ्यासात आईच्या लघवीतल्या डीईपीच्या अवशेषाचाही मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मोजमापाशी संबंध दिसला होता. त्याच गटाच्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात तो डीईएचपीपुरता उरला.

मात्रा बघा : परफ्यूममध्ये डीईपी १ टक्का धरलं तर तीन फवाऱ्यांत सुमारे अडीच मिलिग्रॅम. अंगात शिरतं ते एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातं. साठत नाही, पण रोज फवारलं तर रोज नव्याने येतं. त्यामुळे 'किती'पेक्षा 'किती वेळा' हा प्रश्न मोठा. रोजचं आठवड्यातून एकदोनदा केलं तरी पुष्कळ झालं.

या तीन वस्तूंपैकी आधी डिओ बदला. परफ्यूमचे तीन फवारे पाव ग्रॅम भरतात. डिओ दोन्ही काखांत दोन-दोन सेकंद मारला की एक-दोन ग्रॅम सहज जातो, तोही बंद बाथरूममध्ये, आणि त्यातलं काही मिश्रण नाकात. रोल-ऑन घ्या, बिनवासाचा मिळाला तर उत्तम. तुरटी फिरवली तरी चालेल, फक्त तुरटीत अ‍ॅल्युमिनियम नसतं या समजुतीने नको. ती अ‍ॅल्युमिनियमचंच मीठ आहे.

दुकानात काय बघायचं? 'थॅलेट-फ्री' या शब्दाला अर्थ आहे. 'नॅचरल' आणि 'केमिकल-फ्री' यांना काहीही अर्थ नाही.

वॉर्ड_नंबर_४
वरच्या हिशोबाशी सहमत. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ च्या टिपणात साधारण हेच सांगितलं होतं : धोका सिद्ध झालेला नाही, पण प्रसाधनं, सुगंध यांचा वापर कमी करणं शहाणपणाचं. बाळाचे अवयव घडण्याचा काळ बाराव्या आठवड्यापर्यंतचा, म्हणून हात आखडायचाच तर आत्ता.

पण दहाव्या आठवड्यात खरा त्रास वेगळाच असतो. मळमळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याला शिगेला जाते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांत ओसरते. या काळात फोडणीसुद्धा सोसवत नाही, तिथे नवऱ्याचं आफ्टरशेव्ह कुठे सोसणार? तेव्हा नियम फक्त वहिनींना नको, घरातल्या सगळ्यांना हवा. चोवीस तास पाणीही पोटात ठरलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा वजन उतरायला लागलं तर वासांवर खल करत बसू नका, दवाखाना गाठा.

दमा असेल तर कुठलाही तीव्र वास टाळा, मात्र इन्हेलर मनाने बंद करू नका. गरोदरपणात इन्हेलरपेक्षा आटोक्याबाहेर गेलेला दमा बाळाला जास्त महाग पडतो. अर्धशिशी असलेल्यांनाही वासाने ठणका सुरू होतो.

फवारा कुठे मारायचा, तर कपड्यावर. पदराचं टोक किंवा ओढणी. हातभर अंतरावरून, खिडकी उघडी ठेवून, वाळल्यावरच नेसा. गळ्यावर मारून उन्हात जाणं टाळाच. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांतल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडीवर काळपट ओघळ उठतात, आणि गरोदरपणात वांग आधीच यायला टपलेला असतो. पोटावर, छातीवर नको. नवीन काही घेतलं तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा.

एक गोष्ट ठळक सांगते. सातव्या महिन्यानंतर तळहात आणि तळपाय खाजायला लागले, रात्री खाज वाढली आणि अंगावर पुरळ मात्र काहीच नाही, तर ती 'परफ्यूमची अ‍ॅलर्जी' समजून कॅलामाइन लावत बसू नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसेल तर अशी खाज येते आणि त्यात बाळाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून बाइल अ‍ॅसिड आणि लिव्हर फंक्शन या रक्तचाचण्या करून घ्या.

देग_भपका
अत्तराच्या कुपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. घरच्यांनी तिन्हीतली नेमकी सगळ्यात बेभरवशाची वस्तू 'चालेल'मध्ये टाकली आहे.

कन्नौजची जुनी पद्धत अशी : तांब्याच्या देगमध्ये फुलं आणि पाणी, खाली मंद आच, वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे ती जमवायच्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. गुलाबाचा, मोगऱ्याचा गंध त्या तेलात मुरतो. खरं अत्तर म्हणजे एवढंच. पण चंदनतेलाचे भाव चढल्यावर भपक्यात लिक्विड पॅराफिन, डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, एक द्रावक) नाहीतर डीओपी यायला लागलं. बाजारातली बरीचशी स्वस्त अत्तरं तर भपक्याचं तोंडही बघत नाहीत. कृत्रिम गंध अशा एखाद्या बेसमध्ये मिसळला की झालं अत्तर. आणि डीओपी म्हणजे कोण? वर केमिकल_लोचा यांनी युरोपात बंद म्हणून सांगितलेलं डीईएचपीच. व्यापारात ते डीओपी नावाने फिरतं.

तेलाचा एक थेंब साधारण ३० मिलिग्रॅम. त्यात निम्मं डीओपी असेल तर १५ मिलिग्रॅम. अल्कोहोल उडून जातं, हे उडत नाही, मनगटावर दिवसभर बसतं.

घरी ओळखता येतं का? बेस कुठला ते नाही. कागदावर थेंब टाकून डाग बघण्याची युक्ती सांगतात, पण चंदनतेल, पॅराफिन, डीओपी तिघांचाही डाग राहतो. भावावरून मात्र अंदाज येतो. खऱ्या चंदनात उतरवलेलं गुलाब अत्तर काही शे रुपयांत ६ मिली मिळणं शक्यच नाही. दुकानदाराला सरळ विचारा, 'बेस काय आहे?' उत्तर 'नॅचरल' आलं तर कुपी परत ठेवा. डीपीजी किंवा पॅराफिन असं स्पष्ट सांगणारा दुकानदार परवडला.

केमिकल_लोचा
@देग_भपका, मुद्दा बरोबर, एक दुरुस्ती. डीओपीचा रेणू मोठा आहे, कातडीतून फार हळू शिरतो, डीईपीपेक्षा बराच कमी. त्यामुळे १५ मिलिग्रॅमची अडीच मिलिग्रॅमशी सरळ तुलना होत नाही. तरी बेस माहीत नसलेलं अत्तर अंगाला लावू नये, हे कायम.

सायली_क
सगळ्यांचे आभार. परफ्यूमची बाटली बाजूला काढली, डिओऐवजी रोल-ऑन आणतो. आता डोहाळजेवणाचं सांगा. आणि वहिनीच्या मैत्रिणीने लॅव्हेंडर तेल आणि डिफ्यूजर दिलाय, 'झोप लागते' म्हणून. ते?

देग_भपका
अत्तरगुलाब बंद करायची गरज नाही. गुलाबदाणीत वाफेवर काढलेलं गुलाबपाणी भरा. बाटलीवर रंग आणि 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं नको. पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचं ते दाराशीच, उत्सवमूर्तीच्या शेजारी बसून नाही. तिच्यासाठी फाया रुमालाच्या कोपऱ्याला, कानात खोचायला नको. फुलांच्या दागिन्यांत सगळा मोगरा न घालता वास नसलेली फुलं निम्मी घाला. तास-दोन तास नाकाखाली मोगरा म्हणजे सातव्या महिन्यातही डोकं चढतं.

आजीबाईंचा_बटवा
परफ्यूमवर एवढी चर्चा झाली, पण धुराचं काय? देवघरातली उदबत्ती, धूप, रात्रीची डासांची कॉइल यांतून अगदी बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. बंद खोलीत कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी कधीही बरी. उदबत्ती एकच, खिडकीजवळ, आणि ती संपेपर्यंत वहिनी दुसऱ्या खोलीत.

दुसरं, डांबर गोळ्या. डोहाळजेवणाची पैठणी आणि बाळंतविड्यातली जुनी दुपटी ज्या ट्रंकेत असतात तिथे हमखास या गोळ्या असतात. गोळी नॅफ्थलीनची असेल तर 'जी६पीडी' या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात, आणि नवजात बाळाची कावीळ त्यामुळे धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. ट्रंकेतल्या गोळ्या आत्ताच काढा. बाळाचे कपडे दोनदा धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात घाला. पैठणी धुता येत नाही, ती आठवडाभर आधी सावलीत वाऱ्यावर टाका.

वॉर्ड_नंबर_४
लॅव्हेंडर : पहिले तीन महिने जाऊ द्या. पुढे डिफ्यूजरमध्ये ३-४ थेंब, अर्धा तास, दार उघडं, आणि झोपायच्या आधी बंद. अंगाला लावायचं तर एक टक्क्याच्या वर नाही, म्हणजे ३० मिली खोबरेल तेलात ६ थेंब. नुसतं तेल कधीही कातडीवर नको, पोटात तर नकोच. पेनीरॉयल, सेज, मगवॉर्ट, कापूर, विंटरग्रीन ही तेलं गरोदरपणात वर्ज्य. विंटरग्रीन म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्या भावकीतलं. कंबरदुखीच्या बऱ्याच बामांत तेच असतं. त्यामुळे बाम चोळण्याआधी नळीच्या मागची बाजू वाचा.

सायली_क
आणि बाळंतपणानंतर लगेच सुरू केलं तर चालेल?

वॉर्ड_नंबर_४
पहिले काही आठवडे थांबलेलं बरं. नवजात बाळ छाती शोधतं ते बरंचसं वासावर. स्तनाग्राभोवतीच्या ग्रंथींचा वास त्याला ओढतो, त्यावर परफ्यूमचा थर नको. पावडर, डिओ, वासाचं क्रीम स्तनांवर अजिबात नको. बाळाला घेणाऱ्या मावश्या-काकूंनाही सांगून ठेवा, कारण सगळ्यांच्या पदरांचा वास शेवटी त्याच्या टाळूवर येऊन बसतो.