लंडन–टोकियो: 9,590 किमीला 14 तास कसे?

नकाशाप्रेमी:
लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून टोकियोच्या हानेदापर्यंत हवाई अंतर 9,590 किमी येतं. ताशी 900 किमी वेग धरला तर पावणेअकरा तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र 14 तासांच्या आसपास वेळ दिसते, आणि जाण्या-येण्याची वेळही सारखी नाही. गणित कुठे चुकतंय?

ध्रुवतारा:
भागाकार बरोबर आहे, पण वाट वेगळी आहे. 9,590 म्हणजे ग्रेट सर्कल, पृथ्वीगोलावर दोन टोकांना दोरी ताणून धरली की येते ती लांबी. ही दोरी 71 अंश उत्तरेपर्यंत चढते आणि सायबेरियावरून खाली उतरते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने ब्रिटिश विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, जपानी कंपन्याही तेव्हापासून ती टाळतात. आता एक तर तुर्कस्तान, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन असं खालून जायचं, नाही तर अलास्का-ग्रीनलंडवरून. दोन्हीकडे सुमारे दोन हजार किमी किंवा जास्तच फेरा पडतो.

वातकुक्कुट:
आता वाऱ्याचं. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. ताशी 900 हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग. जमिनीवरचं अंतर ग्राउंड स्पीडने कापलं जातं, म्हणजे त्या वेगात पाठीमागचा वारा मिळवून किंवा समोरचा वजा करून. हिशेबापुरता 11,600 किमीचा मार्ग आणि सरासरी ताशी 80 किमीचा वारा धरा. टोकियोकडे जाताना 980 च्या वेगाने 11 तास 50 मिनिटं, परतताना 820 ने 14 तास 9 मिनिटं. वारा नसेल तर प्रत्येक खेपेला 12 तास 53 मिनिटं. म्हणजे जाताना मिळालेल्या फायद्याने येतानाचा तोटा पूर्ण भरून निघत नाही, उलट दोन्ही मिळून 12-13 मिनिटं जास्तच जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. परतीला काही कंपन्या अलास्कावरून जातात त्यामागे हेच कारण आहे. किलोमीटर वाढले तरी चालतील, जेट स्ट्रीम समोरून नको.

घड्याळ:
तिकिटावरचा वेळ हा ब्लॉक टाइम असतो: चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचं टॅक्सी करणं, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि कंपनीने राखलेली सवड हे सगळं येतं. शिवाय सुटण्याची-पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची असते. हिवाळ्यात टोकियो 9 तास पुढे, उन्हाळ्यात 8, कारण जपान घड्याळ बदलत नाही, ब्रिटन बदलतं. हिवाळ्यात संध्याकाळी 7 ला सुटून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:30 ला पोहोचलं तर फरक 22:30, त्यातून 9 वजा, प्रवास 13:30. इथे 8 वजा केले की तास चुकलाच.

अंतर स्वतः एक्सेलमध्ये काढणार असाल तर अक्षांश-रेखांशाच्या अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा आणि हीथ्रोचं रेखांश उणे घ्या (-0.45). बहुतेक चुका या दोनच.

नकाशाप्रेमी:
आभार. विमान 11 किमी उंचीवरून जातं, त्याने अंतर वाढत नाही का?

ध्रुवतारा:
वाढतं, पण 6,371 किमी त्रिज्येत 11 ची भर म्हणजे 9,590 वर जेमतेम 17 किमी. एका मिनिटाचा प्रश्न आहे, सोडून द्या. त्यापेक्षा एखाद्या फ्लाइट ट्रॅकरवर त्याच उड्डाणाच्या मागच्या सात दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा पाहा, कुठल्या दिवशी कुठली वाट धरली तेही रेषेवरून दिसेल.