जावाच्या कामासाठी एकच प्रगत ग्रंथ घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा?

शहापूरचा_जावाकार (प्रश्न)

सर्वांना सविनय नमस्कार.

मी बेळगावातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यावर आधारित स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर काम करतो. आमचे बहुतेक ग्राहक उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. कोणत्या हीटमधून (भट्टीतल्या एका वितळणीतून) किती कास्टिंग निघाले, त्यांतले किती रिजेक्ट झाले, मशीनिंगला किती गेले आणि शेवटी किती माल बाहेर पडला, याचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही सांभाळतो. कलेक्शन्स, स्ट्रीम्स, एपीआय लिहिणे, चाचण्या लिहिणे एवढे मला नीट जमते. त्याच्या पुढची पायरी मात्र चढता येत नाही. अडचण आली की इंटरनेटवर उत्तर सापडते, पण ते का बरोबर आहे हे समजत नाही, आणि दोन ठिकाणची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध असली की कोणावर विश्वास ठेवावा हेही ठरवता येत नाही.

ताजे उदाहरण सांगतो. शिफ्ट बदलताना दोन स्टोअरकीपर एकाच मालाची इश्यू नोंद एकाच वेळी करतात आणि शिल्लक चुकते. एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ती नोंद करणाऱ्या मेथडला (फंक्शनला) सिंक्रोनाइज्ड केले, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड (कामाचा धागा) ती चालवील असे कुलूप लावले. चूक कमी झाली, पण थांबली नाही. असे का होते, हे मला मुळापासून समजून घ्यायचे आहे.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी तांत्रिक मजकूर मी वाचतो, पण सावकाश. त्यामुळे तीन ग्रंथ आणून कपाटात ठेवण्यापेक्षा एकच आणावा आणि तो शेवटपर्यंत वाचावा, असा विचार आहे. ‘इफेक्टिव्ह जावा’ आणि ‘जावा कन्करन्सी इन प्रॅक्टिस’ ही दोन नावे वारंवार ऐकतो. दुसरा ग्रंथ 2006 सालचा आहे, म्हणून मन धजत नाही. महाविद्यालयात असताना घेतलेला हजार पानांचा जाडजूड ग्रंथ माझ्याकडे आहे. त्यात सर्व काही आहे, पण मला हवे ते नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडी_बॅकएंड

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल.

तुमच्या जाड ग्रंथात हवे ते का सापडत नाही, ते आधी सांगतो. भाषेत कोणकोणत्या सोयी आहेत याची यादी देणारे ग्रंथ आता फारसे उपयोगाचे राहिलेले नाहीत, कारण ती यादी अधिकृत दस्तऐवजांत मोफत आणि अधिक अचूक मिळते. जावाची भाषासंहिता, म्हणजे लँग्वेज स्पेसिफिकेशन, ओरॅकलच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीसाठी उपलब्ध आहे. पैसे मोजून जे घ्यायचे ते निर्णय कसे घ्यावेत हे शिकवणारे असावे, आणि जोशुआ ब्लॉक यांचा ‘इफेक्टिव्ह जावा’ ते काम अतिशय चोख करतो. तिसऱ्या आवृत्तीत 90 प्रकरणवजा टिपणे आहेत. प्रत्येकात एक सल्ला असतो आणि त्याच्यामागे तो पाळला नाही तर नेमके काय बिघडते याचे सविस्तर विवेचन असते. इक्वल्स (दोन वस्तू समान आहेत का ते ठरवणारी मेथड) बदलले की हॅशकोडही (वस्तूवरून शोधासाठी अंक काढणारी मेथड) का बदलावा लागतो, हे त्यातले अकरावे टिपण वाचल्यावर असे पटते की पुन्हा विसरता येत नाही. सावकाश वाचणाऱ्याला त्याची रचनाही सोयीची आहे. एका बैठकीत एक टिपण पुरे होते आणि मागचे वाचले नसले तरी पुढचे बहुतांशी समजते.

मर्यादाही सांगायला हवी. तिसरी आवृत्ती जावा 9 पर्यंतच येते. रेकॉर्ड हा प्रकार 2021 मध्ये जावा 16 सोबत कायम झाला, तो त्यात नाही. मूल्य धारण करणारे अपरिवर्तनीय वर्ग कसे लिहावेत यावरील त्यातल्या पानांचा काही भाग आज रेकॉर्डने आपोआप होतो. तरीही ती पाने वगळू नयेत, कारण रेकॉर्डच्या आत बदलता येणारी यादी ठेवली की काय होते याचे उत्तर तिथेच सापडते.

निपाणी_डेटाबेस

वरील सल्ला योग्य आहे, पण मूळ प्रश्नातील अडचण त्या ग्रंथाने सुटणार नाही. म्हणून मी थोडे वेगळे सांगते.

दादा, तुम्ही जावाचा ग्रंथ शोधत आहात आणि तुमची चूक मात्र डेटाबेसच्या दारात घडत आहे. क्रम पाहा. पहिली विनंती शिल्लक वाचते, समजा 50. तेवढ्यात दुसरी विनंतीही 50 वाचते. पहिली दहा वजा करून 40 लिहिते. दुसरी वीस वजा करून 30 लिहिते. तीस नग गेले, शिल्लक वीस असायला हवी होती, आणि पहिल्या नोंदीचा मागमूसही उरला नाही. याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात.

आता सिंक्रोनाइज्ड लावूनही चूक का उरली, याची दोन कारणे संभवतात. तुमचा प्रोग्राम दोन सर्व्हरवर चालत असेल तर सिंक्रोनाइज्डचे कुलूप ज्या त्या जेव्हीएमपुरतेच (जावा चालवणाऱ्या यंत्रणेपुरतेच) असते, हे उघड आहे. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि एकाच सर्व्हरवरही घडते. त्याच मेथडवर स्प्रिंगचे ट्रान्झॅक्शनल हे अ‍ॅनोटेशन असेल, तर डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करणे आणि कमिट करणे, म्हणजे बदल कायम करणे, ही दोन्ही कामे मेथडच्या बाहेर गुंडाळलेला प्रॉक्सी (स्प्रिंगने बनवलेला मध्यस्थ) करतो. मेथड संपते तेव्हा सिंक्रोनाइज्डचे कुलूप सुटते, आणि कमिट त्यानंतर होते. या दोन क्षणांमधल्या फटीत दुसरा थ्रेड आत शिरला की त्याला जुनीच शिल्लक दिसते. फट अगदी लहान असल्यामुळे चूक रोज दिसत नाही, आणि म्हणूनच ती शोधणे कठीण जाते.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दोन डेटाबेस इथे एकसारखे वागत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती अलग ठेवायचे याची पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड आहे आणि तीत वरील चूक बिनबोभाट घडते. तिथे रिपीटेबल रीड पातळी निवडली तर दुसरा व्यवहार त्रुटी देऊन रद्द होतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेमध्ये रिपीटेबल रीड ही मूळचीच पातळी आहे, पण ती असूनही अशी चूक पकडली जात नाही. नाव एकच आणि वागणूक दोन, असा हा प्रकार आहे. जावाचा कितीही उत्तम ग्रंथ घेतला तरी ही माहिती त्यात शोधणे व्यर्थ आहे.

म्हणून माझा स्पष्ट कौल मार्टिन क्लेपमन यांच्या ‘डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स’ या 2017 सालच्या ग्रंथाला आहे. त्यातले सातवे प्रकरण व्यवहारांवर आहे आणि लॉस्ट अपडेट टाळण्याचे निरनिराळे मार्ग त्यात एकमेकांशी तुलना करून दिले आहेत. ग्रंथ कोणत्याही एका भाषेला बांधलेला नाही, त्यामुळे तो जावाच्या आवृत्त्यांबरोबर जुना होत नाही. मोठ्या प्रणालींसाठीचा म्हणून लोक तो बाजूला ठेवतात, पण दोन माणसे एकाच वेळी एकच नोंद बदलतात हा प्रश्न उद्यमबागेतल्या स्टोअरमध्येही तेवढाच खरा आहे.

शहापूरचा_जावाकार

निपाणीच्या ताई, आपले मनःपूर्वक आभार. आत्ताच तपासले. आमचा सर्व्हर एकच आहे, डेटाबेस मायएसक्यूएल आहे, आणि सिंक्रोनाइज्ड व ट्रान्झॅक्शनल या दोन्ही गोष्टी खरोखरच एकाच मेथडवर आहेत. चार महत्त्वाच्या मेथडवर तसेच केलेले आढळले. ग्रंथ येईपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून विचारतो: तूर्त काय करावे? शिवाय 2006 सालच्या त्या दुसऱ्या ग्रंथाविषयीही कोणी सांगावे ही विनंती.

निपाणी_डेटाबेस

तूर्त सर्वांत साधा मार्ग असा की शिल्लक जावामध्ये वाचून, वजा करून, परत लिहायची नाही. वजाबाकी आणि शिल्लक पुरेशी आहे की नाही याची तपासणी, दोन्ही एकाच अपडेट आदेशात करावी, आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य ओळी बदलल्या तर माल पुरेसा नाही, असा संदेश द्यावा. जिथे हिशेब एका आदेशात बसत नाही तिथे सिलेक्ट फॉर अपडेटने ती ओळ आधी रोखून धरावी. एका चलनात अनेक माल असतील तर ओळी नेहमी एकाच क्रमाने, समजा माल क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, रोखाव्यात. नाही तर दोन व्यवहार एकमेकांची वाट पाहत अडकतात. स्क्रीनवर बराच वेळ उघड्या राहणाऱ्या फॉर्मसाठी जेपीएचा (जावातून डेटाबेस हाताळण्याच्या मानकाचा) व्हर्जन स्तंभ बरा. त्यात दुसऱ्याने आधी बदल केला असेल तर तुमचा बदल नाकारला जातो आणि वापरकर्त्याला नवी नोंद पाहून पुन्हा ठरवता येते.

चिकोडी_थ्रेड

2006 सालच्या ग्रंथाविषयी मी लिहितो, कारण तो माझ्या टेबलावर कायम असतो.

ब्रायन गोएट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘जावा कन्करन्सी इन प्रॅक्टिस’ हा ग्रंथ जावा 5 आणि 6 च्या काळातला आहे. वय पाहून ग्रंथ नाकारण्यापूर्वी त्यातले काय जुने झाले हे वेगळे काढावे लागते. एकाच वेळी अनेक कामे चालवण्याच्या नंतरच्या सोयी पाहा: फोर्क-जॉइन 2011 मध्ये आले, कम्प्लीटेबल फ्यूचर 2014 मध्ये जावा 8 सोबत आले, आणि व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे स्वतःचे हलके थ्रेड) 2023 मध्ये जावा 21 मध्ये कायम झाले. यांतले काहीच त्या ग्रंथात नाही. थ्रेड पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडचा साठा) किती मोठा असावा यावरचे विवेचन प्लॅटफॉर्म थ्रेडसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या थ्रेडसाठी, आजही लागू आहे, पण व्हर्च्युअल थ्रेड पूलमध्ये ठेवायचेच नसतात, त्यामुळे तिथे ते लावू नये.

पण एका थ्रेडने लिहिलेले मूल्य दुसऱ्या थ्रेडला कधी दिसेल याची हमी कोण देतो, चलावर व्होलाटाइल ही खूण लावून काय मिळते आणि काय मिळत नाही, ‘तपासा आणि मग करा’ ही दोन पावले मध्ये तुटली की काय होते, ही पाने जुनी झालेली नाहीत. जावाचे मेमरी मॉडेल 2004 मध्ये जावा 5 सोबत नव्याने घडवले गेले, आणि त्याची मुख्य बैठक आजही तीच आहे. व्हर्च्युअल थ्रेड लाखोंनी निर्माण करता येतात म्हणून सामायिक डेटाचा प्रश्न सुटत नाही.

तरीही, मूळ प्रश्नकर्त्यांनी हा ग्रंथ आज घ्यावा असे मी म्हणणार नाही. तुमच्या प्रणालीत थ्रेड तुम्ही स्वतः निर्माण करत नाही. स्प्रिंग प्रत्येक विनंतीला थ्रेड देते आणि सामायिक स्थिती जवळजवळ सगळी डेटाबेसमध्ये राहते. मेमरीतला कॅशे तुम्ही स्वतः लिहायला लागाल, किंवा पार्श्वभूमीवर चालणारी कामे वाटून द्याल, तेव्हा हा ग्रंथ अपरिहार्य होईल.

ग्रंथ कोणताही असो, पारखण्याची एक रीत सांगतो. मागच्या काही महिन्यांत ज्या अडचणींनी तुम्हाला खरोखर अडवले, त्या कागदावर लिहून काढा. प्रत्येकीपुढे ती कुठे घडली ते लिहा: भाषेत, फ्रेमवर्कमध्ये, डेटाबेसमध्ये, की नेटवर्कवर. ज्या थराचे नाव सर्वाधिक वेळा येईल त्या थराचा ग्रंथ घ्यावा. मग त्या ग्रंथाच्या शेवटची सूची उघडून तुमच्याच अडचणी तीत शोधाव्यात आणि सापडलेले पान वाचावे. त्या पानावर फक्त कृती दिली असेल तर ग्रंथ ठेवून द्यावा. ती कृती कोणत्या परिस्थितीत लागू पडत नाही हेही लिहिले असेल तर तो घेण्याजोगा आहे. सावकाश वाचणाऱ्याने तर एक पूर्ण पान दुकानातच वाचून पाहावे, कारण क्लेपमन यांचे इंग्रजी सरळ आहे, पण सर्वच उत्तम तज्ज्ञांचे तसे नसते.

वडगाव_वाचक

खरेदीविषयी थोडे. यांपैकी अनेक ग्रंथांची भारतीय पुनर्मुद्रणे निघतात आणि ती परदेशी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त असतात. मजकूर तोच असतो, फक्त कागद हलका असतो. घेताना शीर्षकपानाच्या मागे आवृत्तीचा क्रमांक पाहावा; ‘इफेक्टिव्ह जावा’ची 2008 सालची दुसरी आवृत्ती जुन्या प्रतींच्या बाजारात अजून फिरते आणि तीत लॅम्बडा व स्ट्रीम्स नाहीत. फार स्वस्त मिळणाऱ्या झेरॉक्ससारख्या प्रती घेऊ नयेत. त्यात लेखकाचे नुकसान आहेच, शिवाय आकृत्या वाचता येत नाहीत, आणि क्लेपमन यांच्या ग्रंथात दोन व्यवहारांचा कालक्रम समजायला आकृतीच हवी. पुण्याला जाणे होणार असेल तर अप्पा बळवंत चौकात हाताळून पाहता येईल. त्याआधी आपल्याकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ओळखीने बसून सातवे प्रकरण चाळता आले तर उत्तम.

शहापूरचा_जावाकार

चिकोडीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे यादी केली. निम्म्याहून अधिक अडचणी डेटाबेसच्या निघाल्या, त्यानंतर स्प्रिंगच्या. निव्वळ जावाच्या फारच थोड्या. त्यामुळे क्लेपमन यांचा ग्रंथ मागवत आहे. ‘इफेक्टिव्ह जावा’ एका सहकाऱ्याकडे आहे आणि तो वाचायला द्यायला तयार आहे. एक शंका उरते: सातवे प्रकरण थेट वाचले तर चालेल, की पहिल्यापासून सुरुवात करावी?

निपाणी_डेटाबेस

थेट वाचले तरी चालेल. मात्र त्याआधी तिसरे प्रकरण, म्हणजे डेटा डिस्कवर कसा साठवला जातो आणि शोधला जातो ते, वाचून घ्या. इनोडीबी ओळी रोखताना प्रत्यक्षात इंडेक्सच्या (ओळी झटपट शोधण्याच्या सूचीच्या) नोंदी रोखते. योग्य इंडेक्स नसेल तर एका मालासाठी केलेले सिलेक्ट फॉर अपडेट तक्त्यातल्या सगळ्या ओळी अडवू शकते आणि दोन्ही स्टोअरकीपर खोळंबतात. त्या चार मेथड बदलण्यापूर्वी माल क्रमांकावर इंडेक्स आहे ना, एवढे आजच पाहून घ्या.