प्रतिसाद: बूनबाईंचं काय?
अमेरिकेत केंटकीच्या रानात वस्ती करणारा अठराव्या शतकातला शिकारी डॅनियल बून म्हणजे एकट्यानं जंगल तुडवणारा गडी, असं म्हणतात. बरोबर, पण घर कोण रेटत होतं? बायको रिबेका! १७५६ ला लग्न, दहा मुलं, नवरा महिनोन्महिने शिकारीवर. १७७३ ला थोरला जेम्स मारला गेला, १७८२ ला केंटकीतल्या ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्राएल.

लेक जेमायमा मात्र जबरी. जुलै १७७६ मध्ये केंटकी नदीवर होडीत असताना शॉनी-चेरोकी या तिथल्या मूळ जमातींच्या लोकांनी तिला आणि दोन मैत्रिणींना पळवलं. पोरी वाटेत फांद्या मोडत, चिंध्या टाकत गेल्या. तिसऱ्या दिवशी बाप माग काढत पोचला. (बूनच्या शिकारीचं रान मुळात अशा जमातींचंच, हेही खरंच.)

आणि एवढं करून बूनच्या केंटकीतल्या जमिनीचे कागद कच्चे! बरीचशी हातची गेली. १७९९ ला साठी उलटलेला बून बिऱ्हाड घेऊन मिसुरीला. तेव्हा तिथं स्पेनचा अंमल होता.