गुजराती वाचायला घेतेय. धीरुबेन पटेल कुठून सुरू करू?

जुईची_वेल
कांदिवलीत जन्म गेला, त्यामुळे गुजराती समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं. वाचन मात्र शून्य. कुंदनिका कापडियांचं 'सात पगलां आकाशमां' अनुवादातून वाचलं, आवडलं. आता शेजारच्या बा म्हणतात, धीरुबेन वाच, त्या तर आपल्या मुंबईच्याच. लिपी शिकायची तयारी आहे. 'सगळंच छान आहे' असलं उत्तर नको, प्लीज.

बडोद्याची_सून
डोळे झाकून 'आगंतुक' घे. २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला आहे, पण त्यासाठी नको वाचूस. पंधरा वर्षं संन्यासात काढलेला ईशान गुरू गेल्यावर भगवी वस्त्रं उतरवून मुंबईत भावांकडे येतो. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त हा झोपणार कुठे, किती दिवस राहणार आणि लोकांना काय सांगायचं! मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहिलेल्या माणसाला यातलं एकही पान परकं वाटणार नाही. ईशान बिचारा कुणाकडून काही मागतही नाही, आणि घरच्यांची खरी पंचाईत तीच. धीरुबेन कुणालाही खलनायक करत नाहीत. वहिन्यांचंसुद्धा पटतं आपल्याला.

पार्लेकर
बा म्हणतात ते खरंय. जन्म बडोद्याचा (१९२६), पण वाढल्या सांताक्रूझला, शिकल्या एल्फिन्स्टनमध्ये आणि पुढे मुंबईतच कॉलेजात इंग्रजी शिकवलं. वडील बॉम्बे क्रॉनिकलमध्ये पत्रकार, आई गंगाबेन स्वातंत्र्यलढ्यात. 'सुधा' या नियतकालिकाचं संपादन केलं, स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, गुजराती साहित्य परिषदेच्या अध्यक्षही झाल्या. २०२३ मध्ये गेल्या तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी लिहिलं नाही, याचं वाईट वाटतं.

माझं मत जरा वेगळं. आधी 'भवनी भवाई' बघा. केतन मेहतांचा १९८० चा सिनेमा, लेखनात धीरुबेनांचा वाटा. स्मिता पाटील, मोहन गोखले, नसीर, ओम पुरी. वावेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, पाणी लागावं म्हणून बत्तीसलक्षणी माणसाचा बळी द्यायचा, आणि तो निघतो अस्पृश्य वस्तीत वाढलेला जिवो. लोकनाट्याचा बाज असल्यामुळे भाषा कानात बसते.

खवचट_काका
ताईंनी पुस्तक विचारलंय, पार्लेकर सिनेमा सांगतायत. चालू द्या.

पार्लेकर
काका, कान तयार झाला की डोळे आपोआप पळतात.

तापीकाठ
नवशिक्या वाचकाला एकदम कादंबरी कशाला? कथा घ्या. हिमांशी शेलत वाचा. सुरतेला इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. 'अंधारी गलीमां सफेद टपकां' या संग्रहाला १९९६ चा अकादमी पुरस्कार आहे. गोष्टी छोट्या आहेत, पण वाचून झाल्यावर लगेच पुढची घ्यावीशी वाटत नाही, हे आधीच सांगतो. धीरुबेनांचा मिश्कीलपणा इथे शोधू नका.

बडोद्याची_सून
शेलत थोर आहेतच, पण सुरुवातीला जड जातील. लिपीचं म्हणशील तर शिरोरेघ नाही एवढंच, निम्मी अक्षरं ओळखीचीच निघतात. ख, ज, झ, अ, इ एवढ्यांशी आधी झटापट कर. दुकानांच्या पाट्या वाचत जा, पंधरवड्यात हात बसेल. बरं, त्यांची 'आंधळी गली' 'आगंतुक'नंतरच घे. वय उलटलेल्या, लग्न न झालेल्या कुंदनची गोष्ट आहे ती. आकाराने लहान आहे, पण त्यातलं न बोललेलं कळायला भाषा थोडी मुरलेली हवी.

जुईची_वेल
ठरलं, आधी 'आगंतुक'. रविवारी 'भवनी भवाई'ही बघते, काकांची परवानगी असेल तर. लिपी जमेपर्यंत मराठीत काही मिळेल का त्यांचं?

पार्लेकर
'किचन पोएम्स'. मूळ कविता त्यांनी इंग्रजीत लिहिल्या, मराठी अनुवाद उषा मेहतांचा आहे. स्वयंपाकघरातल्या कविता म्हटल्यावर गोडगोड काहीतरी असेल असं वाटतं, तसं अजिबात नाही. दुकानात मिळेलच असं नाही, ग्रंथालयात विचारा.

खवचट_काका
परवानगी आहे. बांनाही बोलवा सिनेमाला.