सोळा वर्षांनी गाडी घेतोय, अनुभव कळवा

मिसिसागाहून (कॅनडा), रविवारी रात्री

मंडळी, नमस्कार.

आमची सेडान २००९ साली घेतलेली. परवा ऑइल बदलायला नेली, तेव्हा मेकॅनिकने ती लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि टॉर्च मारून दाखवलं. मागच्या चाकाजवळचा पत्रा अंगठ्याने दाबला की भुगा होऊन खाली पडत होता. सोळा हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेलं मीठ. "पुढचा हिवाळा हिच्यावर काढू नका," म्हणाला.

इतकी वर्षं आम्ही नव्या गाड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलांची शिक्षणं होती, मॉर्गेज होतं. दोन्ही आता उरकलं. ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सेडानमध्ये खाली वाकून बसणं त्यांना जड जातं. मे महिन्यात आई सुपर व्हिसावर (आईवडिलांना इथे लांबचा मुक्काम करता येतो तो) येते आहे, वय ८१, नऊवारी नेसते. म्हणून जरा उंच गाडी हवी, पण फार मोठी नको, आमचं गराज अरुंद आहे. आणि या वेळी चांगली, आरामाची गाडी घ्यायची, असं दोघांनी मिळून ठरवलंय.

यादीत लेक्सस एनएक्स, अक्युरा आरडीएक्स, बीएमडब्ल्यू एक्स३, ऑडी क्यू५, मर्सिडीज जीएलसी, व्होल्वो एक्ससी६० आणि जेनेसिस जीव्ही७० आहेत. आठवडाभर व्हिडिओ बघून डोकं भणभणलं. शून्यापासून शंभरवर किती सेकंदांत जाते ते सगळे सांगतात; आई तिच्यात कशी चढेल, ते कुणीच सांगत नाही. ज्यांच्याकडे यांतली एखादी गाडी आहे, त्यांनी कृपा करून लिहा.


ओकव्हिलहून, सोमवारी सकाळी

ताई, स.न.वि.वि.

गाडी कुठली ते पुढे बघू, आधी इन्शुरन्सवाल्याला फोन करा. मॉडेलचं नाव सांगून वर्षाचा हप्ता विचारा, आणि तो कळेपर्यंत डीलरकडे कशावरही सही करू नका. तुम्ही आम्ही गाडी घेतली त्या काळात टोरंटोच्या आसपास घरासमोरून गाडी चोरीला जाणं ही मोठी बातमी असायची. २०२४च्या फेब्रुवारीत ओटावाला सरकारने या एका विषयावर राष्ट्रीय परिषद भरवली, इतकं ते वाढलं. गाड्या कंटेनरमध्ये घालून मॉन्ट्रियल बंदरातून परदेशी जातात. एनएक्सची मोठी बहीण आरएक्स, तिचं नाव चोरीच्या यादीत वरच असायचं. म्हणून काही इन्शुरन्स कंपन्या ठरावीक मॉडेलांवर जादा पैसे लावतात, किंवा गाडीत ट्रॅकर बसवायला सांगतात.

दाराजवळच्या खुंटीला किल्ली लटकवायची सवय असेल तर आजच मोडा. बटणावर चालू होणाऱ्या गाडीची किल्ली गाडीकडून आलेल्या बारीक सिग्नलला आपोआप उत्तर देते. चोर घराबाहेर उभा राहून गाडीचा सिग्नल वाढवून किल्लीपर्यंत आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं मालकच आला. सिग्नल अडवणारी पिशवी मिळते, किल्ली तिच्यात ठेवा. पण चोर आता हेडलाइटमागची वायर गाठून थेट गाडीच्या संगणकात शिरतात, तिथे पिशवीचा उपयोग नाही. स्टिअरिंगला आडवी लोखंडी दांडी लावा. आम्ही दोघे रोज रात्री लावतो.

दुसरं, पैशाचं. ६०,००० डॉलरची गाडी म्हटली की १३ टक्के एचएसटीचे, म्हणजे विक्रीकराचे, ७,८०० वर चढतात. शिवाय आपल्या ऑन्टारियो प्रांतात डीलरकडून गाडी घेतल्यावर "विचार बदलला" म्हणून परत करायची मुदत नसते. सही केली की गाडी तुमची. माझ्या भाचीच्या कागदांत एका डीलरने काचेवर नंबर कोरणं, टायरमध्ये नायट्रोजन भरणं असलं काहीबाही घातलं होतं. तिने सही आधी केली आणि ओळी घरी येऊन वाचल्या. एकेक ओळ बोट ठेवून वाचा, नको ते तिथेच खोडायला लावा.

आणि शोरूमला जाताना माझ्या आईला बरोबर न्या. तिचं वय ८६, तीही नऊवारीच नेसते. तुमच्या आईंना कुठे अडेल, ते तिच्यावरून कळेल. मी विचारलं, ती तयार आहे.


केंब्रिजहून, सोमवारी दुपारी

मावशी, आमच्याकडे एनएक्स ३५०एच आहे, म्हणजे हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. ती इथेच, आमच्या केंब्रिजच्या कारखान्यात बनते. याच गावात २००३ पासून आरएक्स बनायला लागली. जपानबाहेर बनलेली ती पहिली लेक्सस.

पेट्रोलचं सांगतो. हायब्रिडला १०० किलोमीटरला साधारण सहा लिटर लागतं आणि ८७ ऑक्टेनचं रेग्युलर चालतं. तुमच्या यादीतल्या जर्मन गाड्यांना ९१चं प्रीमियम लागतं. आरडीएक्स चालवायला मला फार आवडली, पण ती शंभरला दहाच्या आसपास पिते. तुम्ही रोज शहरातच फिरता, त्यामुळे हा फरक तुम्हाला दर महिन्याला जाणवेल.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. दिसायला छान म्हणून २० इंची चाकं घेतली. इथल्या हिवाळ्यात विंटर टायर हवेतच आणि २० इंचीचा सेट १८ इंचीपेक्षा बराच महाग पडतो. शिवाय रबराचा थर पातळ, त्यामुळे प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. काकांच्या खुब्यासाठी १८ इंचीच घ्या. विंटर टायर बसवले की इन्शुरन्सवाल्याला कळवा. ऑन्टारियोत २०१६ पासून त्याची सूट द्यावी लागते.

डिकीचं फळकूट उचलून स्टेपनी आहे का तेही बघा. हल्ली पुष्कळ गाड्यांत नसते.


मिल्टनहून, सोमवारी रात्री

सगळे हिशेबच सांगताहेत म्हणून लिहिते. आमच्याकडे एक्स३ आहे. मी रोज ४०१ हायवेवरून जाते, शेजारून ट्रक गेला की आधीची गाडी थरथरायची, ही हलत नाही. घरी पोचल्यावर पूर्वीसारखी थकत नाही. ताई, इतक्या वर्षांनी मनासारखी गाडी घेताय, तर निदान एकदा चालवून बघा.


मिसिसागाहून, पुढच्या रविवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर ओकव्हिलच्या काकांच्या आई, म्हणजे आजी, आमच्याबरोबर होत्या. चार गाड्या पाहिल्या.

आजी गाडीत कशा बसतात, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी पाठमोऱ्या होतात, सीटची कड हाताने चाचपतात, टेकतात, मग काष्टा सावरून एकेक पाय आत घेतात. सीट मांडीच्या मध्यावर आली तर सगळं सोपं. त्याहून उंच असली की टाचा उचलाव्या लागतात, खाली असली की धपकन बसतात. दाराखालचा उंबरठा रुंद असला तर पाय आत घेताना पोटरी त्याला घासते. एका गाडीत तसं झालं आणि लुगड्याला मिठाचा पांढरा पट्टा उठला. दुसरीचं दार खालपर्यंत येऊन उंबरठा झाकत होतं, ती आतून कोरडी ठणठणीत. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

एनएक्समध्ये बसणं आजींना आणि ह्यांना, दोघांनाही जमलं. उतरताना मात्र आजी अडल्या. तिथे ओढायची कडी नाही, बटण दाबून दार उघडतं. आजी कडीच शोधत राहिल्या, आणि बंद गाडीत त्यांचा चेहरा उतरलेला मला काचेतून दिसला. विक्रेत्याने दाखवलं की तेच दोनदा ओढलं तर बॅटरी गेली तरी दार उघडतं. बटण दाबल्यावर मागून सायकल येत असेल तर गाडी दार उघडू देत नाही, हे मला फार आवडलं. आजींनी पाचसहा वेळा दार उघडून बंद करून पाहिलं, मग म्हणाल्या, "आता मी शिकवीन तुझ्या आईला."

एक्स३सुद्धा चालवली. वहिनी, तुमचं म्हणणं खरं आहे. हायवेवर तिच्या स्टिअरिंगला जी पकड आहे ती एनएक्सला नाही. ह्यांनी उतरताना दार लोटून घेतलं आणि दोन मिनिटं तिच्याकडे बघत उभे राहिले. पण आमचा हायवे आठवड्यातून एकदा, देवळापुरता. एनएक्स ३५०एच ठरवली, १८ इंची चाकांची. इन्शुरन्सचा आकडा आधी घेतला. कागदांतल्या दोन ओळी खोडायला लावल्या. गाडी यायला वेळ लागेल, पण आई यायच्या आत मिळेल असं म्हणालेत.

काका, ती स्टिअरिंगची दांडी कुठून घेतलीत ते कळवा. आजींची शाल आमच्याकडेच राहिली आहे. पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येते.